आजीच्या ओव्या आणि नातवंडांचा पहिला अल्बम

कर्वेनगरातून आम्ही बोलतोय.

गेल्या महिन्यात एक ताई आमच्याकडे आल्या. मूळच्या मुळशी तालुक्यातल्या. आता कर्वेनगरात चार घरची पोळ्या-भांड्याची कामं करतात, आणि बचत गटाच्या बैठकीला कधी चुकत नाहीत. बैठक उठल्यावर त्या मागं थांबल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाल्या, "एवढं वाचून सांगा. सही करू का नको करू?"

कागद होता त्यांच्या मुलांच्या गाण्याचा. मुलगा एकोणीस वर्षांचा, मुलगी सोळाची. मुलगा ढोलकी वाजवतो, पेटीवर बोटं फिरवतो. मुलगी गाते, आणि तोही तिच्या मागं गळा लावतो. दोघं गातात काय, तर आजीच्या ओव्या. आजी म्हणजे ताईंच्या सासूबाई, त्या अजून गावीच असतात. लहानपणापासून दर मे महिन्यात पोरं आजीकडे राहिली, तिथं कानावर पडलं ते गळ्यात बसलं. गणपतीत मंडळापुढे दोघं गायली, कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, आणि ते पाहून एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, सात गाण्यांचा अल्बम काढू, खर्च आमचा, वर अकरा हजार रुपये रोख. भावंडांचा पहिला अल्बम! पोरं हरखली, ताई घाबरल्या. दोन्ही बरोबरच होतं.

कागद इंग्रजीत होता. आम्ही चौघींनी मिळून वाचला. त्यात लिहिलं होतं, या गाण्यांचे सर्व हक्क, सर्व जगात, कायमचे आमच्याकडे. आणि खाली गाण्यांच्या यादीत शब्द कुणाचे, चाल कुणाची, या दोन्ही रकान्यांत सातही ठिकाणी एकच शब्द होता, 'पारंपरिक'. आजीचं नाव कुठंच नाही.

आजचं बोलणं या एका शब्दावरच आहे. कारण भजनी मंडळ, भोंडल्याचा गट, झिम्मा-फुगडीचा संघ, कुणाच्याही दारात उद्या असा कागद येऊ शकतो.

आधी अल्बम म्हणजे काय ते बघू. आपल्यातल्या वयस्कर बायांना तबकडी आठवत असेल. अगदी जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून गाणंही तीन मिनिटांत बसवायचं. पुढं मोठी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालणारी. त्यात आठ-दहा गाणी एकत्र बसू लागली, तोच अल्बम. मग कॅसेट आली, सीडी आली, आता सगळं फोनमध्ये. वस्तू गेली, पण नाव आणि रीत राहिली. एका गायकानं किंवा गटानं ठरवून एकत्र बांधलेली गाणी, म्हणजे अल्बम. पहिल्या अल्बमला मान जरा जास्त असतो, कारण आम्ही कोण आणि कुठून आलो हे तिथं पहिल्यांदा सांगायचं असतं.

पण घरातली गाणी अशी बांधायला घेतली की पंचाईत होते. ओवीला शेवट नसतो. दळण संपलं की ओवी संपते. पायलीभर दळायचं असेल तर ओव्याही तितक्या. तिला चार मिनिटांत कुठं थांबवायचं, हे आता पोरांना ठरवायचं होतं. ताईंची मुलगी आम्हाला म्हणाली, "आजी कधीच दोनदा सारखं म्हणत नाही. मग आम्ही कुठलं धरायचं?" सोळा वर्षांची पोर, पण प्रश्न बरोबर जागी ठेवलेला.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. इथून फार लांब, युरोपाच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचं बेट आहे. तिथंही हेच झालं होतं, म्हणून तिकडची गोष्ट सांगतो.

आयर्लंड हा शेतकऱ्यांचा देश. इंग्रजांचं राज्य त्यांनीही सोसलं. १८४५ पासून काही वर्षं बटाट्याचं पीक सडत गेलं, मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली आणि लाखो अमेरिकेला गेली. त्यांची आयरिश भाषा इंग्रजीच्या रेट्यात मागं सरत सरत समुद्रकाठच्या काही भागांपुरती उरली. पण गाणं टिकलं. त्यांच्याकडे बोऱ्हान नावाचं एक वाद्य आहे, गोल लाकडी कड्यावर एका बाजूनं बकऱ्याचं कातडं ताणलेलं. आपला डफच म्हणा, फक्त ते छोट्या लाकडी दांडीनं वाजवतात. फिडल आहे, म्हणजे व्हायोलिनच. पत्र्याचा पावा आहे. कोपराखाली भाता दाबून वाजवायची पुंगीसारखी पाइप आहे. नाचाच्या चाली आहेत, त्यातल्या 'जिग' नावाच्या प्रकाराचा ठेका ऐकला तर आपल्या सहा मात्रांच्या दादऱ्याची आठवण येते. या चाली कुणी बांधल्या ते बहुतेकांना माहीत नसतं. स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, शेजारपाजारचे जमले की वाजवायच्या, आणि पोरांनी कोपऱ्यात बसून उचलायच्या.

त्या देशाच्या वायव्येला डोनेगल नावाचा जिल्हा आहे. तिथल्या एका आयरिश बोलणाऱ्या गावातलं ओ डोनल हे घराणं. वडील कामानिमित्त दुसरीकडे, केल्स नावाच्या गावी राहायचे, पण मुलं सुट्टीत वडिलांच्या गावी जायची. आपल्याकडे मे महिन्यात जातात तशीच. तिथं त्यांची आत्या होती, नेली. तिच्याजवळ गाण्यांचं भांडार होतं. मिहॉल, त्रिओना आणि मरेड ही तीन भावंडं तिच्याकडून शिकली. मग एका मित्राला सोबत घेऊन त्यांनी 'स्कारा ब्रे' नावाचा गट केला आणि १९७१ साली त्यांचा अल्बम निघाला. थोरला भाऊ विशीचा, धाकटी बहीण सोळाच्या आसपास. त्या गटाचा तो पहिला अल्बम आणि तोच शेवटचा. तरी आजही तो तिकडे नावाजला जातो.

त्या अल्बममध्ये एक नवी गोष्ट होती. डोनेगलची जुनी गाणी एकट्यानं, वाद्याशिवाय म्हणायची रीत होती. या पोरांनी गिटार घेतली आणि दोघातिघांनी वेगवेगळ्या सुरांत, पण एकमेकांत मिसळून गायलं. आयरिश भाषेतल्या जुन्या गाण्यांना असं कुणी आधी केलं नव्हतं म्हणतात. आणि भावंडांचे गळे एकत्र आले की एक वेगळीच मजा येते. एकाच घरात वाढलेली, एकीच्याच तोंडून शब्द उचललेली माणसं श्वासही सारख्या जागी घेतात. आपल्याकडे सासुरवाशीण होण्याआधी एका जात्यावर बसलेल्या दोन बहिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र त्या घरानं नीट केली. ज्या आत्याकडून गाणी आली तिचं नाव हरवू दिलं नाही. तिची शेकडो गाणी तिच्याच आवाजात टिपून लोकसाहित्याच्या संग्रहात ठेवली गेली. आज तिकडे कुणी त्या घराण्याच्या गाण्याबद्दल लिहायला बसलं, तर आत्या नेलीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नाही.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं घर ब्रेनन भावंडांचं. वडिलांची खानावळवजा दारूची गुत्ती, तिथं घरची पोरं गायची. दोन मामांना बरोबर घेऊन त्यांनी 'क्लॅनड' हा गट केला. १९७० साली एका स्पर्धेत पहिले आले आणि बक्षीस म्हणून अल्बम काढण्याचा करार मिळाला. पण अल्बम निघायला १९७३ उजाडलं. आयरिश भाषेतली गाणी कोण विकत घेणार, असं कंपनीला वाटत होतं. पुढं हाच गट जगभर गाजला. तेव्हा कुणी 'हे चालणार नाही, हिंदीत गा' म्हणालं, तर क्लॅनडची ही तीन वर्षं आठवा.

आता लांब कशाला, आपल्या पुणे जिल्ह्यातलंच बघा. अजय आणि अतुल गोगावले हे दोघे सख्खे भाऊ. आज त्यांचं नाव माहीत नाही असं घर महाराष्ट्रात सापडायचं नाही. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळं बदल्या होत गेल्या आणि पोरांचं लहानपण जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा गावांत गेलं. गाण्याचं रीतसर शिक्षण झालं नाही. घरी वाद्यंही नव्हती. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करायची आणि वाजवून बघायचं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. त्यांचा पहिला अल्बम 'विश्वविनायक', २००१ सालचा. शब्द सगळे गणपतीचे, जुने संस्कृत स्तोत्र-मंत्र. चाली आणि वाद्यमेळ मात्र या भावांचा, आणि त्यात पाश्चात्त्य मोठ्या वाद्यवृंदाची धाटणी. गायले एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. गणपतीत आजही मंडपामंडपातून तो वाजतो.

म्हणजे या अल्बमवर भावांचं नाव आहे, पण मुख्य आवाज दुसऱ्यांचे आणि शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे. मग त्यात कुणाचं काय? हे नीट उलगडलं तर ताईंचा कागदही उलगडतो. म्हणून इथं जरा हळू जाऊ.

रेकॉर्ड झालेलं कुठलंही गाणं घ्या, त्यात तीन थर असतात. भाकरी समजा. एक पीठ, एक थापणं, एक भाजणं.

पहिला थर शब्द आणि चाल. हे कुणी रचले असतील तर रचणाऱ्याचे. आपल्या कायद्याप्रमाणे तो हक्क रचणाऱ्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं राहतो, वारसांना जातो. पण गाणं इतकं जुनं असेल की कुणी रचलं ते ठाऊक नाही, तर ते सगळ्यांचं. तुम्हीही म्हणा, आम्हीही म्हणू, तो गृहस्थही म्हणो. अशाच गाण्यापुढं 'पारंपरिक' लिहितात. 'विश्वविनायक'चे स्तोत्रांचे शब्द या पारंपरिकमध्ये येतात, पण चाली नाहीत. त्या भावांनी बांधल्या, म्हणून त्यांच्या.

दुसरा थर गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा. गाणं जुनं असलं तरी आज म्हटलं ते तुमच्या गळ्यानं. त्या गाण्यावर गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षं असतो. आणि 'हे मी गायले आहे' असं नाव लावून घेण्याचा हक्कही कायद्यानं दिला आहे.

तिसरा थर रेकॉर्डिंगचा. जो पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवून घेतो त्याला निर्माता म्हणतात, आणि ते रेकॉर्डिंग त्याचं. प्रसिद्ध झाल्यावर पुढची ६० वर्षं. त्या गृहस्थांनी स्टुडिओ घेतला, पैसे घातले, तर रेकॉर्डिंग त्यांचं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, धंदा आहे. ताईंच्या पोरांनी स्वतः पैसे जमवून केलं असतं तर ते पोरांचं झालं असतं. एवढाच फरक, पण ६० वर्षांचा.

मग कागद कशासाठी लागतो? तर पहिल्या दोन थरांतलं तुमचं जे आहे ते तिसऱ्या थरवाल्याला देण्यासाठी. ते तोंडी देता येत नाही, लेखी आणि सहीनिशी लागतं. आणि कागदावर पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठलं गाणं, कुठला हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि मोबदला किती. वर्षं लिहिलीच नसतील तर कायदा पाच वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणजे बघा, न लिहिलेला कागद बाईच्या बाजूनं आणि 'कायमचे, सर्व जगात' लिहिलेला कागद समोरच्याच्या बाजूनं. म्हणून तर ते दोन शब्द आवर्जून छापलेले असतात.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा यांचा रॉयल्टीचा वाटा, म्हणजे गाणं वाजेल तसा पुढं मिळत राहणारा हिस्सा, कंपनीला लिहून देताच येत नाही. दिला तरी तो धरला जात नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क तेव्हाच मिळाला. एकदा अकरा हजार घेतले म्हणजे पुढचं सगळं संपलं, असं कुणी म्हणालं तर ते तितकंसं खरं नाही.

आणखी एक. मुलगी सोळाची आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाची करारावरची सही कायदा धरत नाही. तिच्या वतीनं पालकाला सही करावी लागते. म्हणूनच तो कागद पोरांच्या नाही, ताईंच्या हातात आला होता.

एवढं झाल्यावर आम्ही ताईंना म्हणालो, सही नंतर. आधी आजीकडे जाऊ.

रविवारी सकाळची एसटी धरून आम्ही दोघी, ताई आणि दोन्ही पोरं गावी गेलो. आजींचं वय त्यांनाही नेमकं माहीत नाही, ऐंशीच्या घरात असाव्यात. जातं पडवीत उपडं पडलेलं, त्यावर कोंबडीनं पिल्लं काढलेली. दळण कधीच गिरणीत जातंय. पण पोरांनी आग्रह केला आणि आजी म्हणायला लागल्या. नुसत्या बसून, हात मात्र खुंटा धरल्यासारखा गोल फिरत होता. जमिनीवर फोन ठेवून आम्ही टिपत गेलो. मधेच कुत्रं भुंकलं, मधेच शेजारीण मीठ मागायला आली आणि तीही बसली.

मुलगी प्रत्येक ओवीनंतर विचारत होती, आजी, ही कुणाकडून शिकलीस? काही ओव्या आजींच्या आईच्या, काही सासूच्या. राम-सीतेच्या, पंढरीच्या वारीच्या, भावाबहिणीच्या. आणि मग कागदावरच्या यादीतली तिसरी ओवी आली, गावात पहिली एसटी आली त्या दिवसाची. आजी म्हणाल्या, "ही कुणाची नाही. ही माझी हाय." मग पाचवी. धाकटी लेक तापानं गेली त्या पावसाळ्याची. ती म्हणताना त्या थांबल्या, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाल्या, "ही बी माझीच. दुसऱ्या कुणाची आसंल?"

सातातल्या तीन ओव्या आजींनी स्वतः रचलेल्या निघाल्या. घरात कुणालाच माहीत नव्हतं. पोरांना वाटत होतं, आजी म्हणते म्हणजे जुनीच असणार. आम्हालाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

म्हणजे कागदावरचा 'पारंपरिक' हा शब्द चार ठिकाणी बरोबर आणि तीन ठिकाणी चूक. आजींना लिहिता येत नाही म्हणून त्या कवयित्री नाहीत असं कायदा म्हणत नाही. त्या तीन ओव्यांचे शब्द त्यांचे, त्यांच्या हयातीत त्यांचे आणि नंतर वारसांचे. आणि मुलानं दोन ओव्यांना नवी चाल लावली होती, ती त्याची.

ओव्या कुणाच्या, हे विचारत फिरणं पुण्याला नवं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यात राहून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून हे काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं केलं. अकराशेवर गावं, तीन हजारांवर बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या लिहून काढल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ बर्नार बेल यांनी नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रित केल्या. आता 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे सगळं लोकांसमोर ठेवत आहे. तिथं ओवीशेजारी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे तिथं नावानिशी, आवाजानिशी भेटतात. फोनवर ऐकता येतं, एकदा बैठकीत लावून बघा. आमच्या बैठकीत लावलं तेव्हा दोघी बाया रडल्या आणि एकीनं वाद घातला की आमच्याकडे ही ओवी अशी नाही म्हणत.

तो वाद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. रेकॉर्डिंगची एक खोड आहे. आयर्लंडमधून अमेरिकेला गेलेला मायकल कोलमन नावाचा फिडलवादक होता, स्लायगो जिल्ह्यातला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या आणि त्या बोटीनं परत मायदेशी आल्या. वादक इतका पट्टीचा की गावोगावची माणसं आपली वळणं बाजूला ठेवून त्याच्यासारखं वाजवू लागली. तबकडीमुळं संगीत तगलं हेही खरं, आणि तबकडीमुळं कितीतरी गावांचे आपापले ढंग पुसट झाले हेही खरं. अल्बममधली ओवी हीच 'बरोबर' ओवी, असं पोरांना वाटू लागलं, तर शेजारच्या गावातली बाई गप्प बसेल. म्हणून आमचं मत असं, की अल्बम जरूर काढावा, पण आजीचं लांबलचक, कुत्र्याच्या भुंकण्यासकट टिपलेलं रेकॉर्डिंग वेगळं जपून ठेवावं. ते विकायचं नाही.

आजकाल एक नवीन कटकटही आहे. यूट्यूबवर गाणी ओळखणारी यंत्रणा असते. एखाद्या कंपनीनं आपलं रेकॉर्डिंग तिथं नोंदवलं, की त्याच जुन्या गाण्याचं दुसऱ्याचं रेकॉर्डिंगही कधीकधी यंत्राला त्यांचंच वाटतं आणि त्यावर दावा लागतो. म्हणजे उद्या आजीनं म्हटलेली आजीचीच ओवी पोरांनी टाकली, तर ती दुसऱ्याची ठरू शकते. त्यावर हरकत घेता येते. पण हरकत घ्यायची तर आपल्याजवळ तारखेसह काहीतरी हवं. म्हणून आम्ही त्या दिवशी वहीत लिहिलं: तारीख, गाव, म्हणणारीचं नाव, ओवी कुणाकडून आली, कुठली स्वतः रचली. खाली आजींचा अंगठा, दोघी शेजारणींच्या सह्या. शेजारीण मिठाचं विसरूनच गेली.

परत आल्यावर कागदाचं काय करायचं ते ठरलं. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, ही ताईंची पहिली काळजी. तर मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवेचं कार्यालय असतं, तिथं अर्ज करायचा. ताईंनी केला. तिथल्या वकीलबाईंनी कागदावर पेन्सिलीनं खुणा करून दिल्या. 'कायमचे' खोडून पाच वर्षं. आजीच्या तीन ओव्यांपुढं 'पारंपरिक' खोडून आजीचं पूर्ण नाव. मुलाच्या दोन चालींपुढं त्याचं नाव. आजीचं गावचं रेकॉर्डिंग या करारात येत नाही, अशी एक ओळ. आणि कागदाची मराठी प्रत, कारण सही करणारीला वाचता आलं पाहिजे.

ताईंनी तो कागद त्या गृहस्थांना दिला. नावं घालायला ते लगेच तयार झाले. आम्हाला वाटतं, त्यांनी तोवर कुणाला विचारलंच नव्हतं, एवढंच. मराठी प्रतीलाही हो म्हणाले. पाच वर्षांवर मात्र अडलं आहे, ते पंधरा म्हणतात. ताई म्हणाल्या, "भाजी घेताना मी एवढ्यात ऐकत नाही, इथं कशी ऐकू?" बोलणं चालू आहे. मुलाचं मन थोडं उतावीळ आहे, त्याला वाटतं संधी जाईल. मुलगी म्हणते, गेली तर आपण पैसे जमवून स्वतःच करू, गटातून कर्ज मिळतं का ते विचारा. तो प्रश्न पुढच्या बैठकीत येणार आहे, आणि आमच्यातच दोन मतं आहेत. पिठाच्या गिरणीला कर्ज देतो तसं गाण्याला द्यायचं का?

तोवर पोरांचा सराव चालू आहे. मागच्या आठवड्यात आमच्या खोलीत पंखा बंद करून दोघं तिसरी ओवी म्हणून गेली, एसटीची. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग आजींना फोनवर ऐकवलं. आजींनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाल्या, गाडी इतकी पळत नव्हती तेव्हा, जरा हळू म्हणा. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.